उजव्या भिंगातला माणूस

आमची ओळख माझ्या किंकाळीने झाली.

सकाळची वेळ होती, पण प्रयोगशाळेतल्या त्या आतल्या खोलीत सकाळ कधी शिरायचीच नाही. खिडकी नव्हती. भिंतींना काळं कापड, जमिनीवर काळं जाजम, आणि कोपऱ्यातल्या एसीतून खालच्या बादलीत पडणारं पाणी — टप्... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा टप्. खोलीच्या मधोमध, सांधे असलेल्या एका लोखंडी दांड्यावर एक पेटी टांगलेली होती. पेटीला दोन गोल भिंगं, आणि प्रत्येक भिंगामागे एक छोटासा पडदा. डाव्या डोळ्याला डावं चित्र, उजव्याला उजवं. दोन्ही मिळून समोरचा रेणू असा दिसायचा, की हात घालून उचलून घ्यावा. वाकडी मान आणि ते दोन मोठे डोळे, म्हणून सगळे त्या पेटीला घुबड म्हणायचे.

दिवसभर घुबडाच्या डोळ्यांना डोळे लावून बसणं हे माझं काम. एका प्रथिनाच्या रेणूचा धूसर नकाशा आमच्याकडे होता, निळ्या जाळीसारखा. त्या जाळीत एकेक अणू नेमक्या जागी बसवत जायचं. हाताशी एक गोल मूठ होती. ती फिरवली की रेणू फिरायचा, दाबली की जवळ यायचा.

त्या सकाळी मी मूठ फिरवली, आणि रेणूच्या मागे, अगदी उजव्या कडेला, कुणीतरी उभं होतं.

बारीक, फिकट, उभं. नीट बघायला गेले की विरायचं. नजर रेणूवर परत आणली की कडेला हजर. मी मूठ सोडली. रेणू थांबला. ते मात्र... किंचित हललं, असं मला वाटलं.

त्याच क्षणी माझ्या उजव्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "प्रिंटर इथेच आहे का?"

मी किंचाळून मागे झाले. चाकांची खुर्ची घसरत जाऊन भिंतीवर आदळली. दारातला काळा पडदा एका हाताने धरून एक उंच तरुण उभा होता. गळ्यात केबलचं वेटोळं, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि माझ्याइतकाच घाबरलेला चेहरा.

"सॉरी, सॉरी! मी कॉम्प्युटर विभागातला. प्रिंटर बिघडलाय म्हणून फोन आला होता—"

"प्रिंटर शेजारच्या खोलीत आहे."

"हो, पण किंकाळी या खोलीत आहे. आता आधी कुठे जायचं?"

एरवी मला हसू आलं असतं. मी पुन्हा भिंगांना डोळे लावले. वाटलं, याचीच सावली कुठून तरी काचेवर पडली असेल. तो दारात उभा होता, बाहेर. आणि ते आतही होतं.

"एक मिनिट येता?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "यात बघा जरा. उजव्या कडेला काही दिसतं का?"

तो आला, खुर्चीत बसला, घुबडाची मान आपल्या उंचीला ओढून घेतली. "वा," तो म्हणाला. "छानच दिसतंय की."

"उजवीकडे?"

बादलीत पाणी पडलं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही. स्वच्छ काळं आहे."

त्या 'नाही'ने मी हादरले. का, हे त्याला सांगण्याइतकी ओळख नव्हती. मी फक्त म्हणाले, "मला चित्रात काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं."

"रीस्टार्ट करून बघितलं?"

संस्थेत त्याला सगळे रीस्टार्ट म्हणूनच ओळखतात, हे मला नंतर कळलं. त्याने मशीन बंद करून चालू केलं. मी बघितलं. कड रिकामी होती.

"गेलं ना? जगातली निम्मी भुतं रीस्टार्टने जातात, मॅडम."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती केबल बदलली की." गळ्यातलं वेटोळं सावरत तो हसला. "पण बहुधा येणार नाहीत ती. आली तर मला बोलवा."

दुपारी ते परत आलं.

मी त्याला बोलावलं.

त्याने केबल बदलली, आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "आज एवढंच. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशाने गेला ते आयुष्यात कळत नाही."

हा नियम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही त्याच्यावरच जगतो. पण त्या नियमाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी त्याने प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती टाकली. तिसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्ड काढून, त्यावरची धूळ फुंकून परत बसवलं, आणि एवढ्याशा कामाला अख्खी दुपार लावली.

"धूळ फुंकायला इतका वेळ?"

"हळूच फुंकावी लागते. कार्ड दुखावतं."

"आणि उद्या काय फुंकणार?"

"उद्याचं उद्या. घुबडाच्या मॅडमना घाई आहे का?"

घाई नव्हती. तो शेजारी असला की ती खोली जरा कमी काळी वाटायची. मी काम करायची, तो कीबोर्ड मांडीवर घेऊन बाजूच्या साध्या पडद्यावर काहीबाही तपासत बसायचा. त्या साध्या पडद्यावर रेणू सपाट दिसायचा आणि कड नेहमी रिकामी असायची. मी चित्रं साठवून बघितली. त्यांतही काही नव्हतं. ते फक्त भिंगातून दिसायचं. आणि एका दुपारी, तो चहा आणायला गेलेला असताना, मी आधी उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा.

डाव्याने कड रिकामी दिसत होती. उजव्याने ते लख्ख दिसत होतं.

आणि ते वाढत होतं. रोज सकाळी कड रिकामी. तासाभराने एक फिकट रेघ. मग रेघेला खांद्यासारखं काहीतरी. दुपार कलली की वर एक मान, एका बाजूला झुकलेली... कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

"कसं आहे ते, सांगा ना," तो चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाला. "मला दिसत नाही, तर निदान ऐकू दे."

"माणसासारखं आहे."

"चेहरा आहे?"

"चेहऱ्याची जागा आहे."

तो हसला नाही. याच गोष्टीसाठी तो मला आवडायला लागला होता. दुसऱ्या कुणीही थट्टा केली असती, चष्म्याचा नंबर विचारला असता. तो फक्त म्हणाला, "तुम्हाला दिसतं म्हणजे काहीतरी आहे. मी शोधतो." आणि कप देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली... की मीच हात लवकर काढला नाही, कुणास ठाऊक.

पण तो गेला की मी एकटी त्या माणसाबरोबर उरायची. आणि मला तो माणूस ओळखीचा होता. मी त्याच्याविषयी लहानपणापासून ऐकत आले होते.

माझे बाबा आरेखक होते. इमारतींचे नकाशे काढायचे, उभ्याने, मोठ्या तिरक्या फळीवर. मी शाळेत असताना ते काम करता करता मधूनच म्हणायचे, "सरक रे जरा, उजेड अडवतोस." उजवीकडे कुणीच नसायचं. आम्हाला वाटायचं गंमत करतात. आई म्हणायची, आता एकट्याशीच बोलायला लागलात का. त्यांना तो फक्त फळीवर, पांढऱ्या कागदाच्या उजव्या कडेला दिसायचा, बाकी कुठेही नाही. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. डॉक्टरांकडे गेले तेव्हा उजव्या डोळ्याचा पडदा बराचसा गेलेला होता. डावा पुढच्या काही वर्षांत गेला. घराण्यात असतं हे, डॉक्टर म्हणाले होते, आणि माझ्याकडे बघितलं होतं.

त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"काय गं, आज चपला आवाज न करता काढल्यास," ते म्हणाले. "काही झालंय?"

"नाही. बाबा... तो तुमचा माणूस. तो कसा होता?"

"वाईट नव्हता," ते म्हणाले. "नुसता उभा असायचा. सकाळी नसायचा. दुपारी मी थकलो की यायचा. रोज जरा जास्त."

"मग कळलं कसं, की तो... खरा नाही?"

"तुझ्या आईला विचारलं. इथे कुणी उभं आहे का गं? ती म्हणाली, नाही हो, कुणी नाही." त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट शोधलं. "दुसऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर समजायचं काय ते. तू का विचारतेस?"

"सहज."

"तुझी नाडी सहज म्हणत नाहीये."

मनगट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

रात्रभर मी हिशोब मांडत होते. मशीन सकाळी नव्याने चालू होतं, म्हणून सकाळी काही दिसत नाही. किंवा, माझा डोळा सकाळी ताजा असतो, म्हणून दिसत नाही. दिवसभराच्या कामाने मशीनमध्ये काहीतरी साचतं. किंवा, दिवसभराच्या कामाने डोळा थकतो. दोन्ही कारणं सारखीच चपखल बसत होती. फक्त एक गोष्ट डोळ्याच्या बाजूला झुकत होती: त्याने बघितलं होतं, आणि त्याला दिसलं नव्हतं. एकदा नाही, रोज. रोज मी विचारायची आणि रोज तो म्हणायचा, स्वच्छ काळं आहे.

डोळा गेला तर माझं काम जाणार होतं, हे उघड होतं. दोन्ही डोळ्यांशिवाय त्या जाळीत खोलपणा उरत नाही. पण त्याही पलीकडे, गॅलरीतल्या त्या खुर्चीत पुढे कधीतरी मी बसलेली असेन, हे मला दिसत होतं. फार स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा शीळ घालत होता. हातात नवं कार्ड.

"आजचा बदल मोठा आहे. मॅडम, आज मिठाईची तयारी ठेवा—"

"राहू दे," मी म्हणाले. "मशीन ठीक आहे. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका."

शीळ थांबली. "म्हणजे?"

"बिघाड माझ्या डोळ्यात आहे. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

मी त्याला बाबांचं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, त्याच्याकडे न बघता, एखाद्या दुसऱ्याच माणसाचा आजार सांगावा तसं. "त्यांनाही दुसऱ्याला विचारल्यावरच कळलं," मी शेवटी म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं. तुम्हाला दिसत नाही. म्हणजे—"

बोलता बोलता मी त्याच्याकडे बघितलं, आणि थांबले. साध्या पडद्याच्या निळसर उजेडात त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसला.

"मला उजव्या डोळ्याने दिसत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"लहानपणापासून. आळशी डोळा म्हणतात त्याला. डोळा ठीक आहे, मेंदू त्याचं ऐकत नाही. उजेड कळतो, एवढंच. घुबडात मला फक्त डावं चित्र दिसतं. पहिल्या दिवसापासून... उजवीकडे काय आहे, मी बघितलेलंच नाही."

बादलीत पाणी पडलं. पुन्हा पडलं.

"तुम्ही म्हणालात, स्वच्छ काळं आहे."

"हो."

"रोज म्हणालात!"

"हो." त्याने मान खाली घातली. "पहिल्या दिवशी तुम्ही इतक्या विश्वासाने विचारलंत. पडदे दुरुस्त करणारा माणूस, आणि एका डोळ्याने आंधळा... ऑफिसात कुणालाच माहीत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटेना. मग दुसऱ्या दिवशी सांगायचं तर पहिल्या दिवशीचं खोटं उघडं पडणार. आणि—"

"आणि काय?"

"आणि बिघाड सापडला असता तर परत यायला कारण उरलं नसतं. मला वाटलं, नुसता मशीनचा बिघाड आहे. तुम्ही इतक्या दिवसांत एकदाही सांगितलं नाहीत, की तुम्हाला कसली भीती आहे."

मला त्याला तिथून हाकलून द्यायचं होतं. त्याच वेळी, छातीत कुठेतरी, एक अगदी बारीक दार किलकिलं झालं होतं, आणि त्यातून येणाऱ्या उजेडाचीच मला जास्त भीती वाटत होती.

"मी आता बघतो," तो म्हणाला. "उजव्या भिंगाला डावा डोळा लावतो. साधी गोष्ट आहे."

"थांबा."

तो थांबला.

साधी गोष्ट होती. इतकी साधी, की एकेक डोळा मिटून बघितला त्याच दुपारी ती मला सुचली होती. डोकं वीतभर सरकवायचं, उजव्या भिंगाला डावा डोळा लावायचा. दिसलं तर बिघाड मशीनचा. नाही दिसलं तर माझा. मी स्वतः ते कधीही करून बघू शकले असते. मी घुबडासमोर एकटी कितीतरी तास बसले होते, आणि ते वीतभर अंतर सरकले नव्हते. सरकत नव्हते तोवर दोन कारणं होती. सरकल्यावर एकच उरलं असतं.

"तुम्हालाही हे माहीत होतं," तो हळूच म्हणाला.

मी मान हलवली.

"मग तुम्ही म्हणाल तेव्हा. नाहीतर नाहीच. मी बसतो असाच."

तो खरंच बसून राहिला. माझ्याकडे बघतही नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर, दवाखान्यात बसतात तसा. एसी घरघरला आणि बंद पडला. त्या शांततेत घुबडाची मान हलकेच करकरली, कुणी हात न लावता, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"बघा," मी म्हणाले.

तो उठला. पेटीसमोर वाकला. उजव्या भिंगासमोर डावा डोळा आणण्यासाठी त्याला बराच उजवीकडे सरकावं लागलं. मी त्याच्या मानेकडे बघत उभी होते. तो बघतच राहिला. इतका वेळ, की मी मनातल्या मनात आईला काय सांगायचं ते ठरवायला लागले.

मग त्याचा श्वास अडकला. हात मागे आला, हवेत चाचपडला आणि माझा हात सापडताच घट्ट धरला.

"याला... मान आहे," तो पुटपुटला. "एका बाजूला कललेली. आणि डावा खांदा जरा वर. खांद्याखाली तीन रेघा आहेत, जवळजवळ, बरगड्यांसारख्या."

तीन रेघांचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याची जागा आहे." त्याचा हात गार पडला होता. "बाप रे. तुम्ही रोज याच्याबरोबर एकट्या बसायचात?"

भूत आहे असं कुणीतरी सांगावं आणि ऐकणाऱ्याने आनंदाने रडावं, असं त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. मी त्याच्या शेजारी वाकले. डावं भिंग मोकळं होतं. त्याला मी माझा उजवा डोळा लावला. त्यासाठी गालाला गाल टेकवावा लागला, दुसरा उपायच नव्हता. त्याची दाढी किंचित खरखरीत होती.

माझ्या उजव्या डोळ्यापुढे रेणू होता. निळी जाळी, तिच्यात माझे अणू. आणि कड... स्वच्छ काळी होती.

"माझ्या डोळ्याला दिसत नाहीये," मी म्हणाले. "डाव्या भिंगातून दिसत नाहीये!"

"मला दिसतंय," तो म्हणाला. "माझ्या चांगल्या डोळ्याला लख्ख दिसतंय."

आम्ही कितीतरी वेळ तसेच वाकून होतो. त्याला भूत दिसत होतं, मला नव्हतं, आणि दोघंही हलत नव्हतो.

बिघाड त्याने त्याच दिवशी शोधला. आता कुठे बघायचं ते ठाऊक असल्यामुळे वेळ लागला नाही. कुणीतरी हल्लीच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये उजव्या पडद्याची रुंदी चुकून कमी लिहून ठेवली होती. नवीन चित्र काढण्याआधी प्रोग्रॅम जुनं चित्र पुसतो. पण पुसताना तो तेवढीच कमी रुंदी पुसायचा. कडेची एक पट्टी तशीच राहायची. रेणू मोठा करून फिरवताना त्याचं एखादं टोक त्या पट्टीत जाई आणि तिथे एक रेघ मागे सोडून परत येई. पुन्हा जाई, पुन्हा सोडी.

"म्हणजे तो मीच केला?" मी विचारलं.

"दिवसभरात तुमच्या हाताने जे जे फिरवलं, ते सगळं. थोडं थोडं."

"मग रोज तोच कसा तयार व्हायचा? तीच मान, तोच खांदा?"

त्याने डोकं खाजवलं. "रेणू तोच. तुमचा हातही तोच. रोज तशाच फिरवत असाल."

असेल. पटण्यासारखं होतं. त्याने रुंदी दुरुस्त करून लिहिली आणि बोट एका बटणावर ठेवून माझ्याकडे बघितलं. "पुसू?"

मी शेवटचं एकदा भिंगातून बघितलं. तो उभाच होता, मान कलती करून. कशाची तरी वाट बघितल्यासारखा.

"पुसा," मी म्हणाले. आणि मग, तो दाराकडे निघाल्यावर, "मी तुमच्यावर चिडलेली आहे. हे नुसतं आनंदात विसरले, असं समजू नका."

"समजत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांची वेळ रद्द नका करू. मी येतो बरोबर. चिडूनच या."

मी तशीच गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवलं. मी डोळे मिटून बसले. तो शेजारी बसला. मग आत गेले, डॉक्टरांनी बराच वेळ प्रखर उजेड टाकून बघितलं. पडदे स्वच्छ आहेत, ते म्हणाले. आज काही नाही. पण घराण्यात आहे, तेव्हा दर वर्षी यायचं, न चुकता.

बाहेर आलो तर ऊन होतं, आणि त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांत ते सगळं एकदम शिरलं. रस्ता पांढरा झाला. इमारती पांढऱ्या झाल्या. समोरून येणाऱ्या माणसांना कडा नव्हत्या; ती उजेडातून उगवायची, जवळून सरकायची आणि उजेडातच विरायची. मी त्याचा दंड धरला.

"आज काही नाही, असं म्हणाले," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीचं कुणी सांगितलंय? कधीतरी तो खराच येऊन उभा राहील. आणि त्याला पुसायला बटण नसेल."

"आला तर मला सांगायचं. आला त्याच दिवशी. लुकलुकतंय वगैरे म्हणायचं नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही सगळं सांगता वाटतं!"

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. गाड्यांचे आवाज येत होते, गाड्या दिसत नव्हत्या.

"तेच ठरवलंय," तो म्हणाला. "आता सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. आजचा पहिला दिवस धरा. तर... मला पोहता येत नाही. मी झोपेत बोलतो, आई म्हणते मशीनशी बोलतो. त्या कार्डावर धूळ अजिबात नव्हती. आणि मला तुम्ही आवडता. फार आवडता. झालं. अजून काही आठवलं तर संध्याकाळपर्यंत सांगतो."

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसता एक उंच, हलणारा उजेड होता, आणि त्या उजेडाचा दंड माझ्या हातात होता.

"रस्ता ओलांडायचाय ना आपल्याला?" मी विचारलं.

"हो. पण माझी उजवी बाजू—"

"उजवीकडचं मी ऐकते. डावीकडचं तू बघ."

मी कान दिला. उजवीकडून काहीतरी जड आलं, जमीन हादरवून गेलं. त्याच्यामागून एक सायकल, घंटी वाजवत. मग काही नाही... मग नुसता वारा.

"डावीकडे?" मी विचारलं.

"मोकळं आहे."

"चल मग," मी म्हणाले, आणि त्याला धरून त्या पांढऱ्या उजेडात पाय टाकला.